पानउतारा

‘मोकळ्या झालेल्या एकूण एक पानात मी विष भरून ठेवलंय. आता कुणी चुकून हात लावू दे, जागच्या जागी सापडतो की नाही बघ!’

हे वाक्य मी बीड बायपासवरच्या एका लॉन्समध्ये, साडेबाराचा मुहूर्त पावणेदोनला लागल्यावर, जिलेबीच्या काउंटरपासून चार पावलांवर उभं राहून फोनवर बोललो. ओरडून बोललो, कारण बँडवाले कानाशीच वाजवत होते. ‘विष’ हा शब्द माझ्या तोंडातून निघायला आणि बँड थांबायला एकच गाठ पडली.

जिलेबी घेणाऱ्या एका बाईंनी हातातली जिलेबी परत परातीत टाकली. केटररचा टाय लावलेला मुकादम झारा घेऊन माझ्याकडे सरकला. मागून कुणीतरी विचारलं, ‘हे आपल्याकडचे की त्यांच्याकडचे?’ लग्नात मांडवाला आग लागली तरी पहिली चौकशी हीच होते. शेवटी मामा मध्ये पडले. ‘काही नाही, काही नाही, भाचा आहे आमचा. कॉम्प्युटरमध्ये असतो,’ ते म्हणाले, आणि एवढ्या खुलाशावर मंडळींचं समाधान झालं. बाईंनी जिलेबी पुन्हा उचलली. कॉम्प्युटरमधला माणूस काहीही बरळू शकतो, हे समाजाने आता मान्य केलेलं दिसतं.

मी कर्नेलवर काम करतो. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘मग पोस्टिंग छावणीतच का?’ आमच्या आईने तर पहिली दोन वर्षं सगळ्या नातेवाइकांना ‘पोरगा एका कर्नलच्या हाताखाली आहे, पण माणूस चांगला आहे म्हणतो’ असं सांगितलं होतं. मीही खुलासा केला नाही. स्थळं बरी येत होती.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनस तोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं, तो खरं म्हणजे हा गाभाच होता. संगणकात याच्या हुकमाशिवाय पान हलत नाही, आणि हे मी वाक्प्रचार म्हणून सांगत नाही. मेमरीची खरोखरच पानं पाडलेली असतात. ही कल्पना मँचेस्टरच्या ॲटलस या संगणकाची. तो १९६२ साली सुरू झाला. त्याचं पान ५१२ शब्दांचं होतं. आपल्या घरातल्या साध्या लॅपटॉपचं पान ४,०९६ बाइटचं. ८ जीबी मेमरी असेल तर २०,९७,१५२ पानं होतात, आणि लिनक्स त्यातल्या प्रत्येक पानाचा वेगळा हिशेब ठेवतं: कोणाकडे आहे, किती जण वापरताहेत, मळलंय का, कुलूप आहे का. पानामागे ६४ बाइट. म्हणजे नुसत्या खतावणीलाच १२८ एमबी जातात. सरकारी कचेरीत जसा एक अख्खा मजला फायलींनाच लागतो, तसं.

मराठीत पान हा फार कामसू शब्द आहे. वहीचं पान, झाडाचं पान, उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरचं पान आणि पंगतीतलं पान. आमच्या पिढीने हा विषय इंग्रजीतून शिकला. मराठी वाचकांच्या घराघरांत पोचलेल्या अच्युत गोडबोल्यांनीसुद्धा त्यांचं ऑपरेटिंग सिस्टिम्सचं पाठ्यपुस्तक इंग्रजीतच लिहिलं. ‘पेज’ म्हटलं की डोळ्यांपुढे कागद येतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. कागदावर लिहिलेलं टिकतं. मेमरीतलं पान टिकणाऱ्यातलं नाही, ते पंगतीतलं आहे. मांडायचं, वाढायचं, जेवणारा उठला की उचलायचं, जागा पुसायची आणि दुसऱ्या पंगतीतल्या माणसाला तिथेच बसवायचं. मला कॉलेजात कुणी हे एवढंच सांगितलं असतं, तर एक विषय राहिला नसता.

प्रोग्रॅमने एखाद्या पत्त्यावर हात घातला आणि तिथे पान मांडलेलं नसलं, की प्रोसेसर जागीच थांबून कर्नेलला हाक मारतो. या हाकेला पेज फॉल्ट म्हणतात. नावात ‘फॉल्ट’ असला तरी बहुतेक वेळा यात कुणाची चूक नसते. ‘अहो, इकडे वरण’ इतकाच त्याचा अर्थ. कर्नेल येतो, वाढतो, जातो. सेकंदाला हजारो वेळा. दमलेला वाढपी वरणाऐवजी ताक वाढून जातो तो क्षण म्हणजे माझी नोकरी.

मामांना हे सगळं मी सांगायचा प्रयत्न केला आहे. मामा एसटीत कंडक्टर होते. तिकीट, वे-बिल, सुट्टे पैसे यांत आयुष्य गेल्याने त्यांना हिशेबाची गोडी आहे आणि हिशेब चुकवणाऱ्याबद्दल कुतूहल आहे. ‘म्हंजे एवढी मेमरी पाहिजे असं प्रोग्रॅम म्हणला, की कर्नेल लगेच देतो?’ त्यांनी विचारलं.

‘हो म्हणतो. देत नाही.’

मामांचा चेहरा उजळला. आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर पैठणची गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि एकदा मामांच्या डोळ्यांदेखत एक तान्हं मूल आत गेलेलं आहे. रुमाल पडला की जागा धरली. बसलं कुणीच नाही, पण जागा ‘आहे’. लिनक्सही असंच करतं. कुणी १ जीबी मागितली की तोंडभरून ‘घ्या’ म्हणतं आणि एकही पान देत नाही. त्यातलं काही वाचायला गेलात, तर सगळ्यांना तेच ते एक शून्यांनी भरलेलं कोरं पान दाखवतं. तोंडाला पानं पुसणे हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याला हे तंत्र माहीत होतं असं माझं मत आहे. खरं पान हातात पडतं ते तुम्ही पहिलं अक्षर लिहायला गेलात की. अडचण येते रुमाल टाकलेले सगळेच्या सगळे एकदम बसायला आले की. मग कर्नेल यादी काढतो, सगळ्यात जास्त जागा अडवून कोण बसलंय ते बघतो आणि त्याला उठवतो. उठवतो म्हणजे कायमचा. या व्यवस्थेचं नावच ओओएम किलर. ‘आमच्याकडं असं नव्हतं,’ मामा जरा खंतावून म्हणाले.

त्यांचं एकाच गोष्टीवर कधी समाधान झालं नाही. एक पान किती प्रोग्रॅमांनी आपल्या पत्त्यांत ओढून घेतलंय, हे मोजणारा एक आकडा असतो. कुणीच ओढलेलं नसेल तर तो असतो उणे एक. एकाने ओढलं की शून्य. ‘म्हंजे रिकाम्या गाडीत उणे एक पॅसेंजर?’ मामा म्हणाले. ‘मग पहिला चढला की गाडी रिकामी? त्याला तिकीट फाडायचं का नाही?’ मी म्हटलं, तशी पद्धत आहे. ‘पद्धत कोणी पाडली?’ यावर मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मामा माझ्या क्षेत्राकडे जरा संशयानेच बघतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नाही.

आईला मात्र काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शहराचं पाणी पैठणहून, जायकवाडीहून येतं. धरण पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे घरात सण. त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं असतं: ड्रम, बादल्या, कुकर, इस्त्रीवर पाणी मारायची बाटली, तिचं झाकण. रिकामं भांडं दिसलं की आईच्या जिवाला लागतं. लिनक्सचं धोरण शब्दशः हेच आहे. रिकामी मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी, म्हणून ते डिस्कवरच्या फायली आणून आणून मेमरी भरून ठेवतं. नवखे लोक ‘८ जीबीतली २०० एमबीच मोकळी दिसतेय’ म्हणून घाबरतात. त्यांनी आमच्या मोरीत येऊन उभं राहावं. आणि नवं पाणी आलं की काय ओतून द्यायचं? ज्याला सगळ्यात जास्त दिवस कुणी हात लावला नाही ते शिळं पाणी, आधी तुळशीला, मग जिन्याला. या नियमाला पुस्तकात एलआरयू म्हणतात आणि त्यावर परीक्षेत आठ मार्कांचा प्रश्न असतो. आईला आठपैकी आठ.

आता त्या विषाकडे येतो.

वाळूजच्या एका कारखान्यात आमचं एक कार्ड बसवलेलं आहे. पट्ट्यावरून नट सरकत जातात, कॅमेरा प्रत्येकाचा फोटो काढतो, आणि कार्ड तो फोटो प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीच्या पानांत टाकतं. त्या कार्डाचा ड्रायव्हर मी लिहिलेला. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी कारखान्यातून फोन आला, की त्याच संगणकावर निघणाऱ्या शिफ्टच्या यादीत कामगारांच्या आडनावांच्या जागी चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं येताहेत. ‘व्हायरस आहे,’ तिथल्या सुपरवायझरांनी निदान केलं. आपल्याकडे माणसाला काहीही झालं की व्हायरल असतं आणि संगणकाला काहीही झालं की व्हायरस.

मी गेलो. दोन दिवस बसून राहिलो, काहीच झालं नाही. परत आलो, त्याच रात्री झालं. पुन्हा गेलो. या खेपेला कर्नेलमध्ये जागोजागी ‘इथे आलो’, ‘इथून गेलो’ असे निरोप छापायची सोय केली. निरोप छापायला सुरुवात केली आणि बिघाड बंद. निरोप काढले की चालू. तिसऱ्या आठवड्यात ऑपरेटरने यंत्रावर गणपतीचं स्टिकर लावलं आणि तीन दिवस काही झालं नाही. माझे छापील निरोप आणि त्याचा गणपती, दोघांचा गुण सारखाच आला, आणि स्टिकर दहा रुपयांचं होतं. माझ्या कंपनीला हे कळू नये अशी मी त्या गणपतीलाच प्रार्थना केली.

याच काळात एका रविवारी नांदेडहून पाहुणे आले आणि त्यांना घेऊन मला दौलताबादला जावं लागलं. डोक्यात पानं, पायाखाली पायऱ्या. किल्ल्यातल्या अंधारीत गाइड पलिता फिरवून सांगत होता, की शत्रू उजेडाच्या आशेने चुकीच्या वाटेला वळायचा आणि थेट खंदकात पडायचा. पाहुण्यांची मुलं ओरडली. मला घाम फुटला, कारण नल पॉइंटर म्हणजे नेमकं हेच. पत्ता दिसतो, वाट दिसते, वळलात की खाली काहीच नाही.

पण दौलताबादने मला खरं शिकवलं ते दुसरंच. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली. सगळी दिल्ली आली नसेल, पण दरबार, उमराव, सूफी, कारकून, एवढी मंडळी हजाराहून जास्त किलोमीटर चालून आली. मग काही वर्षांत मुक्काम परत दिल्लीला. मेमरीची पानं डिस्कवर पाठवायची, लगेच त्यांची गरज लागली म्हणून परत आणायची, तोवर दुसरी पाठवायची, आणि सगळा वेळ या ने-आणीतच जाऊन काम शून्य व्हायचं, याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी त्याची कारणमीमांसा करणारा निबंध १९६८ साली लिहिला. आमच्या भागाला हा विषय त्याआधी ६४१ वर्षं माहीत होता, प्रात्यक्षिकासह. तुघलकाच्या सैन्याबरोबर आलेला म्हणून सांगतात तो नान-खलिया मात्र परत गेला नाही. कामाचं पान डिस्कवर पाठवायचं नसतं, एवढी अक्कल शहराने तेव्हाच दाखवली.

पत्त्यांच्या बाबतीतही आमचं शहर शिकवायला बरं आहे. प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि पानाची खरी जागा यांचा काही संबंध नसतो. मध्ये एक तक्ता असतो, तो सांगतो अमुक पत्ता म्हणजे तमुक जागा. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा खडकी. त्याच्या मुलाने १६२६ मध्ये केलं फतेहनगर. १६५३ पासून औरंगाबाद. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. तक्त्यातली नोंद तीन वेळा बदलली, जागा तीच, ऊन तेच, जालना रोडवरचा सिग्नलही तोच. प्रोसेसर जुने पत्ते स्वतःच्या खिशात लिहून ठेवतो. नोंद बदलली की तो खिसा झटकून रिकामा करावा लागतो, नाहीतर तो जुन्याच पत्त्यावर जात राहतो. लग्नपत्रिका छापणाऱ्यांना आणि नगरहून येणाऱ्या ट्रकवाल्यांना याचा अनुभव आहे. नगरचंही आता अहिल्यानगर झालंय, म्हणजे दोन्ही टोकांचे खिसे झटकायचे.

तर विष. लिनक्समध्ये एक सोय आहे: पान मोकळं झालं की त्यात १७० हा आकडा ४,०९६ वेळा भरून ठेवायचा. तेच पान पुन्हा कुणाला द्यायच्या वेळी बघायचं, सगळे १७० जागेवर आहेत का. नसतील तर मधल्या काळात, पान कुणाचंच नसताना, कुणीतरी त्यात हात घातला. या प्रकाराला अधिकृत नावच पॉयझनिंग आहे. मी ही सोय चालू करून लग्नाला आलो होतो, आणि पुण्याच्या सहकाऱ्याला फोनवर तेच सांगत होतो. एवढाच माझा गुन्हा.

मुकादम गेला, मी पुन्हा फोन कानाला लावला. ‘सापडलं,’ पलीकडून आवाज आला. ‘साडेबाराला एक पान बाटलेलं निघालंय. आकडे पाठवतो.’

वधू-वर स्टेजवर आणि मी लॉन्सच्या स्वच्छतागृहापाशी मोबाइलवर आकडे वाचतोय, असं ते दृश्य होतं. १७० च्या जागी काय होतं? ३१, ३२, ३२, ३३, ३२, ३१. बराच वेळ हेच. मग ६०, ११८, २०१, २४०, २४१, २४०. मग परत खाली. कचरा म्हणजे कसाही असतो, आत्ता शून्य, लगेच अडीचशे. हे आकडे शिस्तीत होते. हळूहळू चढत होते, थोडं थांबत होते, हळूहळू उतरत होते. मी खुर्चीवर बसलो. कॅमेऱ्याच्या फोटोची एक ओळ १,०२४ ठिपक्यांची असते आणि ठिपक्याला एक बाइट. म्हणजे एका पानात बरोबर चार ओळी. मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर चार रेघा ओढल्या आणि पेनाने काळं, करडं, पांढरं करत गेलो. काळा पट्टा, त्यात एकाखाली एक चार लखलखीत तुकडे, प्रत्येक खालचा जरासा डावीकडे सरकलेला. नटाची कड होती ती. कार्ड दुसऱ्याच्या पानात नटाचा फोटो काढत होतं, आणि ते पान शिफ्टच्या यादीला गेलं असेल तर आडनावांवर नट उमटत होते.

नवरदेवाच्या आजोबांनी विचारलं, ‘काय काढायलास?’ मी म्हटलं, ‘नट.’ त्यांनी स्टेजकडे बघितलं आणि मान डोलावली.

इथे मला असं लिहायचा मोह होतोय, की तेवढ्यात मामा ताटांच्या ढिगाकडे बघून काहीतरी सहज बोलले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तसं झालं नाही. मामा तेव्हा केटररशी ताटांच्या आकड्यावरून भांडत होते. प्रकाश पडला तो दुसऱ्या दिवशी, आणि तोही रुक्ष मार्गाने. कर्नेलमध्ये आणखी एक सोय असते, पेज ओनर नावाची. कोणतं पान कुणी घेतलं आणि कुणी सोडलं याची ती नोंद ठेवते. बाटलेल्या पानाची नोंद काढली. सोडणारा होता माझाच ड्रायव्हर.

झालं होतं असं. प्रत्येक पानावर दोघांचा हक्क: एक माझ्या साठ्याचा, एक कार्डाचा. मोजणी दोन. फोटो आला की कार्डाचा हक्क उतरतो, मोजणी एक होते, पान साठ्यात राहतं. कॅमेऱ्याने वेळेत उत्तर दिलं नाही तर कार्ड थांबवायचं, त्याचा हक्क उतरवायचा आणि पुढे जायचं. ही ओळ मी लिहिली होती, ती बरोबर होती. पुढे आवराआवर करणाऱ्या भागात तोच हक्क मी पुन्हा एकदा उतरवला होता. त्या ओळीशेजारी माझ्याच हाताची टीप होती: ‘सेफ्टीसाठी’. तारीख बघितली, तर दिवाळीच्या सुट्टीआधीचा दिवस निघाला. मोजणी शून्य झाली, कर्नेलने पान उचललं, दुसऱ्याला दिलं. साठ्याला पत्ता नाही, तो तेच पान पुढच्या फोटोला पुन्हा कार्डापुढे मांडतोय. कारखान्यात मोठा प्रेस चालू झाला की कॅमेरा अडखळायचा, तेव्हाच हे व्हायचं. आणि मी निरोप छापायचो तेव्हा छापायला लागणाऱ्या वेळात कॅमेरा उत्तर देऊन मोकळा व्हायचा. गणपतीच्या तीन दिवसांत प्रेस दुरुस्तीला होता, हे नंतर कळलं. ऑपरेटरला मी ते सांगितलेलं नाही.

आपल्याकडे कामं बिघडतात ती ‘दुसरा करेल’ म्हणून. इथे एकाच माणसाने दोन वेळा जबाबदारीने काम केलं होतं. पाहुणा जेवतोय आणि दोन उत्साही भाचे पाठोपाठ येऊन, एक त्याचं ताट आणि दुसरा त्याच्या खालची सतरंजी उचलून नेतो, तसं.

दुरुस्ती म्हणजे एक ओळ खोडणं. साडेतीन आठवडे, वाळूजच्या सतरा फेऱ्या आणि उणे एक ओळ. दुरुस्ती तपासायला पुण्याच्या वरिष्ठांनी व्हिडिओ कॉल लावला. अकरा जण हजर. त्यांनी ती ‘सेफ्टीसाठी’ची टीप मोठ्याने वाचली, मग थांबले, मग पुन्हा वाचली. पुढचं मी लिहीत नाही. मेमरीतली पानं डिस्कवर उतरवण्याला मराठी प्रतिशब्द शोधत असाल तर तो तयारच आहे, आणि मी त्याचा अनुभव घेतला आहे.

त्या रात्री मला आधार दिला तो लिनस तोरवाल्ड्सने. ‘डर्टी काऊ’ नावाचा एक बिघाड लिनक्समध्ये २००७ पासून होता आणि सापडला २०१६ मध्ये. प्रकार पानांचाच. दोन प्रोग्रॅम एकच पान वापरत असतात, आणि एकाने त्यात बदल करायचा म्हटलं की त्याच्यासाठी वेगळी प्रत काढायची, असा नियम. नवरा-नवरी एका ताटात जेवतात आणि एकाला ठेचा हवासा वाटला की दुसरं ताट येतं, तसा. नेमकं ताट बदलायच्या घाईत कुणी पटकन हात घातला तर ठेचा मूळ ताटात पडायचा, म्हणजे ज्या फायलीला हात लावायची परवानगी नाही ती फाइल कुणालाही बदलता यायची. नऊ वर्षं जगभरचे सर्व्हर, फोन, सगळे हे घेऊन फिरत होते. दुरुस्ती करताना लिनसने स्वतःच नोंदवून ठेवलं, की हा जुनाच बिघाड आहे, अकरा वर्षांपूर्वी मी तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तोही धड नव्हता, आणि पुढे तो काढून टाकावा लागला. दुसऱ्यांचा पानउतारा करण्यात तो प्रसिद्धच, पण स्वतःचा करताना त्याने शब्द वाचवले नाहीत. मी ते तीनदा वाचलं आणि शांत झोपलो.

शिफ्टच्या याद्या आता ठीक येतात. गणपतीचं स्टिकर तिथेच आहे.

राहिला मामांचा हिशेब. त्या लग्नात केटररच्या मोजणीत ताटं भरली ४१२ आणि मामांच्या वहीत माणसं होती ४११. तासभर वाद झाला, मुकादमाने टाय सैल केला, मामांनी वे-बिलाच्या शिस्तीत पान पान तपासलं, आणि शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन आला तेव्हा मी अर्धं जेवलेलं ताट खुर्चीवर ठेवून गेलो होतो. मी उठून गेलो असं समजून कुणीतरी ते उचललं. परत आल्यावर मी दुसरं घेतलं होतं.

ताटामागे साडेतीनशे रुपये. ते मामांनी माझ्याकडून घेतले.